तारीख टाकून ठेवलेला लेख

“तुमचे वडील गेल्याचं वाचलं. फार वाईट वाटलं,” संपादक म्हणाले आणि चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. काचेच्या दाराआड, लांबट व्हरांड्याच्या टोकाला, लिफ्टशेजारच्या लाकडी बाकावर तिचे वडील बसलेले होते. प्रमाणपत्रांची फाइल त्यांच्या मांडीवर होती. ती आत यायला निघाली तेव्हा तिच्या बाहीला चिकटलेला एक दोरा त्यांनी चिमटीत धरून काढला होता आणि “जा, घाबरू नकोस. तीही माणसंच आहेत,” असे म्हणून स्वतःच घाबरल्यासारखे ते हसले होते. या गोष्टीला चहाचा कप निवावा इतकाही वेळ झालेला नव्हता. म्हणून संपादकांचे वाक्य तिच्या कानापर्यंत आले, पण अर्थ मात्र कोठेतरी मागे रेंगाळला. कोणाचे वडील? तिने नकळत शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. त्या खुर्चीत रविवारच्या पुरवणीचे काम पाहणाऱ्या प्रौढ बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत तिच्यासाठी तयार करून ठेवलेली अशी एक मृदू, सराईत करुणा होती. त्या करुणेनेच तिला प्रथम धक्का दिला. टेबलावर काही छापील पाने टाचून ठेवली होती. उलट्या बाजूने दिसणारी ती अक्षरे तिने वाचली. पत्रकारितेच्या वर्गात उलटे वाचायला कोणी शिकवले नव्हते, पण भीती शिकवते. वरती तिच्या ब्लॉगचे नाव होते. खाली शीर्षक होते, ‘खड्ड्यातला माणूस’. आणि त्याखाली पहिले वाक्य, जे तिला तोंडपाठ होते: ‘लिफ्ट दुरुस्त करणारे माझे वडील काल गेले.’

“हो,” ती म्हणाली.

तो एका अक्षराचा शब्द तोंडातून गेला आणि छताजवळच्या यंत्राची थंड गुरगुर तिला स्वतःच्या छातीतून येत असल्यासारखी वाटली. हो म्हणजे काय? ‘हो, मी तो लेख लिहिला’ असे तिला म्हणायचे होते का? की ‘हो, आपले म्हणणे मला ऐकू आले’? मोठ्या माणसाने काही म्हटले की हो म्हणावे, हे वळण लहानपणीच अंगी मुरलेले. त्या वळणानेच कदाचित तो शब्द बाहेर पडला असेल. पण टेबलापलीकडच्या दोघांनी त्याचा एकच अर्थ घेतला आणि तोच अर्थ घेणे योग्य होते. बाईंनी हळूच मान हलवली. संपादकांनी पाने स्वतःकडे ओढली. तिच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीला बाहेरून ओल आली होती. ती ओल तिच्या तळव्याला लागली, तळव्यातून मनगटाकडे गेली, आणि तिला वाटले, आपल्या हाताला काहीतरी लागले आहे, जे आता धुऊन जायचे नाही.

हा लेख ब्लॉगवर कोणाला दिसणे शक्यच नव्हते. तो लिहिला होता, हे खरे. पण तो कोणी वाचावा म्हणून लिहिला नव्हता. तिच्या मनाने मागे धाव घेतली, ती थेट वर्गाच्या दुसऱ्या बाकापर्यंत. त्यांना शिकवायला एक सर होते. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर सुद्धा कोणी लिहीत नसे. सगळी तुकडी त्यांना ‘ब्लॉगोबा’ म्हणे. आठवड्याला एक लेख स्वतःच्या ब्लॉगवर टाकलाच पाहिजे, नाहीतर गुण नाहीत, असा त्यांचा दंडक होता. “नोकरी मागायला जाल तेव्हा तुमचं प्रमाणपत्र कोणी उघडणार नाही. ते म्हणतील, काय लिहिलंय ते दाखवा. तेव्हा काय दाखवाल? वह्या?” असे विचारून ते फळ्यावर एक मोठा चौकोन काढीत आणि म्हणत, “ही तुमची खिडकी. आत दिवा लावून बसा. रस्त्यावरून कोणीतरी जाईलच.” त्या खिडकीची वर्गात यथेच्छ टिंगल होत असे. वर्गात ‘मुंगी’ नावाने ओळखली जाणारी तिची मैत्रीण म्हणायची, “माझ्या ब्लॉगला तीन वाचक आहेत. मी, माझी आई, आणि आईच्या मोबाइलवरून पुन्हा मीच.” त्या मुंगीने मुंगीच्याच निष्ठेने दोनशे चौदा लेख लिहिले आणि आज ती मोबाइल विकायच्या दुकानात उभी असते, ‘निदान लोकांना खिडक्या तरी विकते’ असे हसून सांगते. उलट ज्या मुलाला सगळे ‘शेठ’ म्हणत, त्याने वर्षभरात चार ओळी लिहिल्या नाहीत आणि परीक्षेचा निकाल लागण्याआधीच त्याला एका वृत्तवाहिनीत टेबल-खुर्ची मिळाली. सरांनी त्याला विचारले होते, “तुझा ब्लॉग कुठंय रे?” तर शेठ निर्विकारपणे उत्तरला, “सर, माझा ब्लॉग म्हणजे माझा मामा.” वर्ग हसून कोसळला. सरही हसले, पण हसता हसता त्यांनी फळा पुसायला घेतला आणि तो चौकोन पुसला गेल्यावरही ते बराच वेळ तिथेच पुसत राहिले. ते दृश्य तिला आता लख्ख आठवले. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवायला सांगतो त्याच्यावर आपलाही पूर्ण विश्वास नसावा, हे किती एकटे करणारे असेल, असे तेव्हा तिच्या मनात येऊन गेले होते.

तिचा स्वतःचा विश्वास मात्र भाबडा होता. नळाला मीटर बसवूनही पाणी न आलेल्या वस्त्यांवर तिने सात लेख लिहिले होते, घरोघर हिंडून. प्रत्येक लेखाखाली वाचकांची संख्या उमटे. बहुतेक वेळा तिथे एक असे. तो एक म्हणजे सर, गुण देण्यासाठी आलेले, असे ती धरून चाले. आणि मग तो दिवस आला जेव्हा सरांनी आगाऊ मृत्युलेखाचा पाठ घेतला. मोठी माणसे जिवंत असतानाच वर्तमानपत्रे त्यांचे मृत्युलेख लिहून ठेवतात. बातमी आली की केवळ तारीख घालायची आणि छापायचे. वर्ग हबकला होता. कोणीतरी म्हणाले, “सर, हे म्हणजे चालत्या माणसाचं माप घेण्यासारखं झालं.” सर म्हणाले, “शिंपी तेच करतो. त्याला कोणी वाईट म्हणत नाही. लिहून आणा, मला पडद्यावर दाखवा आणि पुसून टाका. प्रसिद्ध करायचं नाही. आणि एक, लेखात तारीख हवी. रिकामी जागा सोडणारा बातमीदार मला नको.” सगळ्यांनी पुढारी घेतले, नट घेतले, खेळाडू घेतले. तिने वडील घेतले. का घेतले, हे तिला त्या वेळीही सांगता आले नसते. कदाचित इतक्या जवळचा दुसरा कोणी माणूस तिला माहीत नव्हता. किंवा माहीत आहे असे तिला ज्याच्याबद्दल वाटत होते, असा तो एकच होता.

ती दुपारी लिहायला बसली आणि दिवे लागायच्या वेळी उठली तेव्हा लेख पुरा झालेला होता. घरातली ती दोन माणसांपुरती खोली, खुंटीवरचा वंगणाचा वास येणारा कोट, जेवताना मध्येच घास थांबवून शेजारच्या इमारतीतल्या लिफ्टचा आवाज ऐकणारे वडील, आणि “यांना माणसाचं बोललेलं ऐकू जात नाही, पण चौथ्या मजल्यावर काय करकरतंय ते बरोबर कळतं,” असे रोज नव्याने म्हणणारी आई. सगळे आपोआप उतरत गेले होते. वडील पलीकडच्या खोलीत पाय लांब करून पडले होते आणि ही अलीकडे त्यांना भूतकाळात लिहीत होती: ते असत, ते म्हणत, ते हसत. प्रत्येक ‘असत’ लिहिताना तिला अंगावर काटा येई आणि त्या काट्यातच एक विलक्षण सुखही होते, ज्याची तिला नंतर लाज वाटली. लेख सरांनी वाचला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, “पूस आता.” पण तिच्याने पुसवेना. इतके चांगले तिने कधीच लिहिले नव्हते. शिवाय वडिलांचा मृत्युलेख पुसणे म्हणजे काय करणे, याचाही तिला नीट उलगडा होईना. ते अशुभ की शुभ? मग तिने एक युक्ती केली. ब्लॉगवर लेखाला पुढची तारीख देण्याची सोय असे. पुढची तारीख दिली की लेख यादीच्या तळाशी जाऊन बसतो, तो दिवस उजाडेपर्यंत कोणाला दिसत नाही. लेखात जी तारीख घातली होती तीच तिने ब्लॉगवरच्या तारखेच्या चौकटीतही घातली. आठ महिन्यांनंतरची. शेवटचा पेपर संपण्याच्या दुसऱ्या दिवसाची. ती तारीख तिने निवडली नव्हती. परीक्षेच्या पलीकडे काळ आहे याची तिला तेव्हा कल्पनाच करता येत नव्हती. जिथे रस्ता संपतो तिथे तिने तो लेख पुरला होता. आणि त्या दिवशी, ठरल्या वेळी, तो आपल्या पायांनी वर आला. त्या दिवशी ती परीक्षेचा शीण काढीत दिवसभर झोपली होती. त्यानंतर पाच आठवड्यांत ब्लॉगचे पान तिने एकदाही उघडले नव्हते. अर्जात मात्र त्याचा पत्ता लिहिला होता, ठळक अक्षरांत.

“एकशे चाळीस अर्ज आले,” संपादक बोलत होते. ते बराच वेळ बोलत असावेत. “जागा एक. आणि सांगतो, प्रत्येकाचा ब्लॉग आहे. प्रत्येकाचा! सगळ्यांना सगळ्यावर मतं आहेत. एकाला देखील कोणी शेजारी नाही.”

“एकानं तर स्वतःच्याच मुलाखतीची मुलाखत लिहिली होती,” बाई म्हणाल्या.

“तुमचं ते पाण्याच्या मीटरचं ठीक आहे. कष्ट दिसतात. पण कष्ट काय, तेवीस जणांचे दिसतात. हा एक लेख मी घरी नेला. माझ्या बायकोनं वाचला. तिचे वडील गिरणीत होते.” त्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिले. “ती बोललीच नाही बराच वेळ. मी तिला म्हटलं, ही मुलगी आपण घेतोय.”

घेतोय. हा शब्द तिने दोन वर्षे ऐकायचा म्हणून राखून ठेवला होता. आईने ‘आता मोलाचं काही उरलं नाही’ असे म्हणत हसत हसत जे विकले होते, वडिलांनी निवृत्तीचे वय उलटून गेल्यावरही जी तीन इमारतींची कामे सोडली नव्हती, ते सगळे त्या एका शब्दाच्या वाटेवर उभे होते. आणि तो शब्द आला तेव्हा तिला वाटले, कोणीतरी आपल्याला उंचावर नेऊन आपल्या पायांखालची फळी हळूच काढून घेत आहे. अजूनही सांगता येईल, असे एक मन म्हणत होते. आता, या वाक्याच्या शेवटी. हा पूर्णविराम संपला की. पण प्रत्येक पूर्णविरामानंतर संपादकांचे पुढचे वाक्य सुरू होई आणि प्रत्येक वाक्याबरोबर तिचे ते पहिले ‘हो’ अधिक जुने, अधिक जड होत जाई. पहिल्या दोन मिनिटांत ती चूक होती. पाच मिनिटांनी ते मौन झाले. आता ते काय होते?

“रविवारी पुरवणीत पहिल्या पानावर घेऊ,” बाई म्हणाल्या. “खाली एक ओळ: लेखिका आमच्या नव्या सहकारी. मला फक्त फोटो हवा. आहे का गं बाळ, एखादा वडिलांचा?”

त्यांनी तिला बाळ म्हटले. खोट्याला मिळालेला हा जिव्हाळा तिला सोसवेना. ती उठली. “बाहेर... फाइलमध्ये असेल,” असे काहीतरी ती म्हणाली. संपादक अर्धवट उठून “सावकाश, सावकाश,” म्हणाले. जिच्या घरी मृत्यू घडला आहे तिच्याशी जितक्या हळुवारपणे बोलावे तितक्या हळुवारपणे.

व्हरांडा पूर्वीपेक्षा लांब झाला होता. दोन्ही बाजूंना माणसे पडद्यांकडे पाहत टकटकत होती. कोणी तिच्याकडे पाहिले नाही, तरी सर्वांना ठाऊक आहे असे तिला वाटले. वडील बाकावर ताठ बसले होते. या क्षणी ते जिवंत दिसतात याचीच तिला भीती वाटली. इतके ठळकपणे, इतके निःसंशय जिवंत दिसणारे माणूस तिने कधी पाहिले नव्हते. मानेवर दाढी करताना राहून गेलेले चार केस. सदऱ्याच्या खिशात रुमालाची घडी. श्वास घेताना तो खिसा किंचित वर येत होता.

“काय झालं? झालं?” ते उठले.

“बाबा, तुम्ही... बाबा, माझ्या ब्लॉगवर एक लेख आहे.”

“अगं, मग?”

“तो चुकून प्रसिद्ध झाला. तुमच्यावर आहे. त्यात तुम्ही...” पुढचा शब्द तिला उच्चारता येईना. लिहिता आला होता.

वडिलांनी व्हरांड्याकडे एकदा पाहिले आणि ते खाली बसले. तिलाही त्यांनी हाताला धरून बसवले. “गेलो आहे,” ते म्हणाले. “माहीत आहे मला. वाचलाय.”

 तिच्या डोक्यात कुठेतरी एक संख्या उमटली, वाचकांची, दर आठवड्याची. एक. ते सर नव्हते.

“मला काय, शनिवारी कामावर मधल्या सुट्टीत बसतो तेव्हा वाचतो तुझं. पाण्याचं पण वाचलं होतं. ते जरा लांबलं होतं.” ते ओशाळे हसले. “तो दिवस... तू झोपली होतीस. मी कामावर, वर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होतो. उघडलं तर काय, मीच. पहिल्यांदा हसू आलं. मग बसलो जरा.”

“आणि काही बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? घरी आलो तरी तू झोपलेलीच, उठवायचं जिवावर आलं. मग वाटलं, अभ्यासात असंच लिहायला सांगत असतील. तुझ्या आईला नाही दाखवलं. ती उगीच घर डोक्यावर घेईल.” ते थांबले. “चांगलं लिहिलंयस गं. आपल्यामागं आपल्याला काय म्हणतील, हे वाचायला मिळतं का कोणाला? मी दोनदा वाचलं.”

तिने सांगितले. तुटक, उलटसुलट, संपादक काय म्हणाले, आपण हो म्हटले, रविवारी छापणार, फोटो मागितला आहे, नोकरी देत आहेत. वडील ऐकत होते तसेच, मान किंचित कलती करून, यंत्राचा आवाज ऐकावा तसे, आणि तिला वाटले, ते आता रागावतील. त्यांनी रागवावे अशी तिची तीव्र इच्छा होती. एक सणसणीत शब्द त्यांनी टाकला असता तर तिला श्वास घेता आला असता. पण ते म्हणाले, “मग छापू दे की.”

“बाबा!”

“अगं, हळू. मला इथं कोण ओळखतं? लिफ्टवाल्याचं तोंड कोणी बघत नाही. दार उघडलं की माणसं आरशात बघतात.” त्यांनी पाकीट काढले. त्याच्या आतल्या कप्प्यातून, रंग उडालेल्या ओळखपत्रामागून, त्यांनी एक छोटा चौकोनी फोटो बोटाच्या नखाने सोडवला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. “हा दे. यात केस तरी आहेत. आणि आईचं मी बघतो, रविवारचा पेपर घरी येऊ देत नाही म्हणजे झालं. शेजारीपाजारी विचारलंच तर सांगू, तो दुसरा कोणी. तुझं एकदा पाय रोवून होऊ दे. मग काय, माणसं मरून परत येत नाहीत का? बदली झाली म्हणू!” आणि स्वतःच्या विनोदावर ते खरोखर हसले.

फोटो तिच्या तळहातावर होता. तीस वर्षांचा एक माणूस, ज्याला ती कधी भेटलेली नव्हती, सरळ तिच्याकडे पाहत होता. आणि बाकावर साठी उलटलेला तोच माणूस तिच्या नोकरीसाठी मेलेला राहायला तयार होता, असा सहज, जसा तो कोणासाठी बसमध्ये जागा सोडून उभा राहिला असता. आजच्या दिवसात तिला बसलेले सगळे धक्के या एका धक्क्यापुढे फिके होते. लेखात तिने लिहिले होते की वडिलांनी कधी स्वतःसाठी काही मागितले नाही. ते वाक्य लिहिताना तिला ते सुंदर वाटले होते. आता ते वाक्य समोर हाडामांसाचे होऊन बसले होते आणि त्यात सुंदर काहीच नव्हते. ते भयंकर होते. कोणी इतके कमी मागावे आणि कोणी ते इतक्या सहजपणे घ्यावे! तिने फोटो परत त्यांच्या खिशात, रुमालाच्या घडीमागे ठेवला आणि त्यांचे मनगट धरले. “चला,” ती म्हणाली.

“कुठं? अगं, वेडी आहेस का? असं करू नकोस. अगं...” ते येत होते आणि मागे ओढत होते, दोन्ही एकदम. काचेचे दार तिने खांद्याने ढकलले.

संपादकांनी चष्मा लावला. बाई फोटोसाठी हात पुढे करून बसल्या होत्या. तो हात तसाच राहिला.

“हे माझे वडील,” ती म्हणाली.

 वडिलांनी नमस्कार केला आणि मग त्या नमस्काराचे काय करावे हे न कळून हात तसेच जोडून ठेवले. ते काहीसे अपराध्यासारखे दिसत होते, जिवंत असल्याची क्षमा मागितल्यासारखे. बाईंनी पुढे केलेला हात सावकाश मांडीवर घेतला. संपादकांचा चेहरा प्रथम पांढरा झाला, मग हळूहळू लाल. तिने सर्व सांगितले: पाठ, तारीख, चौकट, झोप. आवाज तिचाच होता, पण दुसऱ्या कोणाची तरी बातमी वाचून दाखवावी तसा सपाट.

“ठीक,” संपादक म्हणाले. “तारखेची चूक झाली, ती यंत्राची. मी समजू शकतो. हसूसुद्धा शकतो. पण मघाशी मी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. ते यंत्रानं नाही म्हटलं.”

“नाही.”

“साहेब, पोर गांगरली,” वडील म्हणाले. “पहिलीच वेळ.”

“तुम्ही बसा,” संपादक त्यांना म्हणाले, पण रिकामी खुर्ची एकच होती आणि ती तिची होती. वडील उभेच राहिले. संपादकांनी टाचलेली पाने उचलली, ती फाडावीत की परत द्यावीत असा विचार करीत ती चाळली, आणि मग चाळता चाळता ते थांबले. आयुष्यभराची सवय हाताला होती. त्या सवयीनेच त्यांनी पेन उघडले. “आता आलाच आहात तर विचारतो. आमच्याकडे छापण्याआधी विचारतात.” त्यांनी वाचले: “‘अडतीस वर्षे ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरले. डोक्यावर टनभर लोखंड लोंबकळत असताना त्यांना एकदाही भीती वाटली नाही.’ खरं आहे हे?”

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. मग संपादकांकडे. एखाद्या अधिकाऱ्याने कामाबद्दल विचारल्यावर सरळ उत्तर द्यायचे असते, तसे ते म्हणाले, “नाही साहेब. रोज वाटते. उतरायच्या आधी पोटात गोळा येतो. कधीकधी उलटी होते. अजूनही.”

“मग हिला हे कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. विचारलं नाही तिनं कधी.” हे म्हणताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तिच्या बाजूने दिलेल्या साक्षीसारखेच त्यांनी ते सांगितले, आणि सांगून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आले. “म्हणजे, तिला वेळ कुठं असतो,” ते घाईने म्हणाले.

 तो लेख लिहिताना वडील भिंतीपलीकडे होते. दहा पावलांवर. नळाच्या मीटरसाठी ती अनोळखी दारे ठोठावीत उन्हातून हिंडली होती. हे एक दार तिने ठोठावले नव्हते. मेलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, म्हणून तिनेही विचारले नव्हते. जे तिला येत होते ते तिने लिहिले, लोक हेलावले, आणि त्यात एका माणसाची अडतीस वर्षांची रोजची भीती एका सुरेख वाक्याखाली गाडली गेली होती. पाच आठवड्यांपूर्वी तिने त्यांना मारले नव्हते. ते आधीच झाले होते, त्या दुपारी, ती लिहायला बसली तेव्हा.

संपादकांनी पेन बंद केले. “जागा मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. त्यामुळे ते अधिक अवघड झाले. “लेख आज काढून टाका.” आणि मग वडिलांना, “तुम्हाला भेटून बरं वाटलं.” ते वाक्य नेहमीचे होते, पण या वेळी त्यांनी ते प्रत्येक शब्द तपासून म्हटल्यासारखे म्हटले. बाईंनी दार उघडून धरले.

रस्त्यावर दुपारचे ऊन होते. माणसे जात-येत होती आणि त्यांच्यातून वडील तिच्या अर्धे पाऊल मागे चालत होते, फाइल छातीशी धरून.  मग म्हणाले, “माझं तोंडच फटकळ. नाही म्हणायला नको होतं मी. थोडी तरी आशा होती.” ती थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीवर सावली होती. तिथे तिने त्यांना बसवले आणि ती त्यांच्या शेजारी बसली, शाळेतून उशिरा सुटलेल्या मुलीसारखी. बोलायला तोंड उघडले तेव्हा तिला जाणवले की आपण यांना आजवर जेवलात का, आलात का, पैसे आहेत का, याखेरीज एकही प्रश्न विचारलेला नाही. आणि आता तो कसा विचारतात हे दोन वर्षांच्या शिक्षणानंतरही आपल्याला ठाऊक नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “भीती पहिल्यांदा कधी वाटली?”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग तिच्या हातांकडे. पेन आहे का, मोबाइल आहे का, हे ते पाहत होते.

“कुठं लिहिणार आहेस हे?”

“कुठंच नाही.”

त्यांनी फाइल पायरीवर ठेवली. वरच्या गुंडीशी बोटे नेऊन ती काढली. 

“मग सांगतो,” ते म्हणाले.